लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं

‘छतावर सोलर बसवलं की लाइट जाण्याची चिंता मिटली’ असं एका लेखात वाचलं, ते अर्धंच खरं आहे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (बॅटरीशिवाय, थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) लाइट गेली की स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या सोलरमधून लाइनमध्ये उलट जाणाऱ्या करंटचा शॉक बसू नये, म्हणून रचनाच तशी असते. बाहेर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद, हे आम्ही सांगलीत दोन उन्हाळे सोसलं. मग हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घेतली. हिशेबाने तिच्यात ४.८ युनिट वीज मावते, पण वापरायला ४ धरा. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय एवढंच बॅकअपच्या वेगळ्या लाइनवर. बोअरची मोटर त्यावर अजिबात नको, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. आमच्या फिटरने जोडून दिली होती, इन्व्हर्टर दर वेळी ट्रिप व्हायचा.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं; बॅटरीचा खर्च आपलाच.

आणि सांगलीकरांनो, बॅटरी जिन्याखाली ठेवू नका! २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर आठवा. आमची वरच्या मजल्यावर, भिंतीला, सावलीत आहे.