सातूचा डबा आणि पावसाळ्यातले ताट

वैशाखात आमच्या घरी सातूच्या पिठाचा डबा सगळ्यांचा हात पोहोचेल अशा फळीवर असे. भाजलेले गहू, डाळे आणि थोडे जिरे एकत्र दळलेले ते पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की उन्हातून आलेल्या माणसाची न्याहारी तयार होई. मृगाच्या सरी लागल्या की आई तो डबा माळ्यावर चढवी आणि आम्ही कितीही मागितले तरी "आता नाही, पोट बिघडेल" एवढेच सांगे. पुढे पुष्कळ वर्षांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांतले ऋतुचर्येचे, म्हणजे ऋतूनुसार कसे खावे-राहावे याचे, अध्याय वाचताना मला तो डबा आठवला. ग्रीष्मात साखर घातलेला गार मंथ, म्हणजे पाण्यात कालवलेले सातू, घ्यावा असे चरकसंहिता हा आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ सांगतो. आणि वर्षा ऋतूत तोच वर्ज्य करावा, असे चरक आणि 'अष्टांगहृदय' लिहिणारा वाग्भट दोघेही बजावतात.

म्हणूनच 'आयुर्वेदिक आहार' या नावाखाली बाराही महिने एकच चूर्ण, एकच काढा आणि एकच लाडू विकला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ऋतू बदलला की पथ्याचे अपथ्य होते, हा या शास्त्राचा गाभाच त्यात हरवतो.

उन्हाळ्याने माणूस आधीच थकलेला असतो; त्यात तापलेल्या जमिनीतून निघणारी वाफ, पावसाची ओल आणि पाण्याला येणारा आंबटपणा यांमुळे पावसाळ्यात जाठराग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावतो आणि शरीरातल्या तीन दोषांपैकी वात बळावतो, अशी चरकाची मांडणी आहे. त्यावरचा उपाय स्वयंपाकघरातलाच आहे: जुने तांदूळ, जुने गहू, जव, फोडणी दिलेली कढणे, म्हणजे कडधान्यांची पातळ सारे, आणि उकळून गार केलेले पाणी. जुने धान्य पचायला हलके, हे तर भात लावताच समजते. गेल्या वर्षी एका दुकानातून 'जुना' म्हणून आणलेला तांदूळ शिजताच त्याचा गोळा झाला आणि जेवणानंतर दुपारभर पोट जड राहिले. खरा जुना तांदूळ पाणी जास्त मागतो आणि मोकळा फुलतो.

कढणाची तर मला फार माया आहे. मूग कोरडेच, खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत, भरपूर पाण्यात पार मऊ शिजवून रवीने घुसळावेत आणि वरून चमचाभर साजूक तुपात जिरे, हिंग, ठेचलेले आले व मिरपूड यांची फोडणी द्यावी. सैंधव आणि दोन आमसुले घातली की झाले. वारा-पाऊस झोडपत असेल आणि गारठा असेल त्या दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध चव स्पष्ट लागेल असे जेवावे, असे चरकाने सांगितले आहे, आणि ते सगळे या एका वाटीत येते. पाऊस म्हणजे भजी हे समीकरण मला मान्य नाही, कारण स्नेह, म्हणजे तूप-तेलाचा स्निग्धपणा, हवा असला तरी तो मंदावलेल्या अग्नीला पेलला पाहिजे. तुपाची फोडणी पेलते, तेल प्यायलेल्या भज्यांचे ताट पेलत नाही.

अर्थात कोकणातला आणि सोलापूरकडचा पावसाळा एक नव्हे. आयुर्वेदही आनूप, म्हणजे पाणथळ, आणि जांगल, म्हणजे कोरडा, असे प्रदेशाचे प्रकार मानतो. त्यामुळे रत्नागिरीच्या घरातले ताट माणदेशात जसेच्या तसे वाढण्याची गरज नाही. दूरदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनीही कालनिर्णयातला श्रावण पाहण्यापेक्षा आपल्या खिडकीबाहेरची हवा पाहावी.

बदलही एका दिवसात करायचा नसतो. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होते, आणि त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडत नवी लावावी, असे वाग्भट सांगतो. आईचा डबाही एका रात्रीत माळ्यावर जात नसे. आधी त्यातले पीठ पाण्याऐवजी कोमट दुधात कालवले जाई, मग एक दिवसाआड मिळू लागे, आणि तोवर चुलीवर कढणाचे पातेले दिसायला लागलेले असे.