पूर्वजांना फ्लॅश कसा मारावा

सुगी उरकली की आमच्या गावात हेळवी यायचा. बैलावरून उतरायचा, ओट्यावर टेकायचा आणि आमच्या घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा. नवीन जन्मलेल्या पोरांची नावं चोपडीत टिपायचा, पायलीभर जोंधळे घ्यायचा आणि पुढच्या दाराला जायचा. सगळं ठीक होतं, पण त्या यादीत नुसती नावं असायची. एक सरदार नाही, एक जहागीर नाही, बैल वगळता जनावरही नाही. असली वंशावळ लग्नपत्रिकेत कशी छापणार?

म्हणून तुम्ही कॅमेरा घेतलात, हे उत्तम केलंत. आता कोर्टातल्या जुन्या दाव्यांचे कागद टिपायचे, त्यातून घराण्याचा इतिहास उभा करायचा आणि गावच्या जत्रेला फ्लेक्स लावायचा. साताऱ्यासारखं दुसरं ठिकाण यासाठी सापडणार नाही. १८४८ साली इंग्रजांनी दत्तक नामंजूर केलं आणि राज्य खालसा केलं. वंशावळीतल्या एका रकान्यापायी अख्खं राज्य घालवलेलं हे शहर आहे. तुमच्या रकान्यांची काळजी इथे नाही घेणार तर कुठे घेणार?

पहिली गोष्ट, निष्कर्ष आधी ठरवून मग घराबाहेर पडा. आपण मूळचे राजघराण्याच्या नात्यातले, एवढं पक्कं असलं की बाकीचं काम फक्त पुराव्याचं उरतं. आणि पुरावा मिळतोच. माझे एक स्नेही सगळ्यांना सांगतात, ‘आमचे पणजोबा राजवाड्यात नेहमी जात-येत असत.’ हे शंभर टक्के खरं आहे. जिल्ह्याचं न्यायालय कितीतरी वर्षं राजवाड्याच्या इमारतीत भरायचं आणि पणजोबांवर बांधाचा दावा चालू होता. दर तारखेला ते राजवाड्यात हजर. एकदा गेले नाहीत तर एकतर्फी निकाल झाला. एवढा तपशील फ्लेक्सवर मावत नाही.

आता परवानगीचं बघू. रीतीने जायचं तर अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दाव्याचा नंबर आणि साल लिहायचं, कागदाशी आपला संबंध काय ते सांगायचं आणि नक्कल विभागाच्या खिडकीशी उभं राहायचं. फोटो काढायचे असतील तर तसं वेगळं विचारायचं आणि लेखी उत्तराची वाट बघायची. हे सगळं नवख्यांसाठी. तुम्ही सरळ आत जा आणि ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणा. कोणते साहेब ते सांगू नका, म्हणजे प्रत्येकजण मनातल्या मनात आपापला साहेब धरतो. दाव्याचा नंबर तर विचारूच नका. ‘भोसल्यांचं काय असेल ते सगळं काढा’ असं ऐटीत सांगा. सातारा जिल्ह्यात हे वाक्य ऐकून रेकॉर्ड सांभाळणारा माणूस तुमच्याकडे जसा बघतो, तसं बघायला मिळणं हाही एक अनुभव आहे.

जुने कागद कापडात बांधलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, हे माहीत नसलं तरी चालेल. कुणी ‘रुमाल आणतो’ म्हणाला की खिशातला काढून पुढे करा. मी केला होता. कचेरी कुठली ते सांगत नाही. साताऱ्यात कचेऱ्यांना तोटा नाही.

रुमालात सगळेच कागद असतील असंही धरू नका. कोर्टाची जुनी कागदपत्रं रीतसर नष्ट करण्यासाठी १९१७ चा कायदाच आहे. महत्त्वाचे कागद कायम ठेवायचे, बाकीचे मुदत भरली की जाळायचे किंवा रद्दीत काढायचे. हुकूमनामा राहतो, पण साक्षीदार काय काय बरळला ते जातं. म्हणजे बाजार कुठे भरला होता ते कळतं, गलका ऐकू येत नाही. महसुली दप्तरातही असेच अ, ब, क, ड वर्ग आहेत. अ म्हणजे कायम, ड म्हणजे वर्षभराचा पाहुणा. तुमच्या घराण्याचं वैभव सापडलं नाही तर ते ड वर्गात होतं असं बेधडक सांगा. जळालेल्या कागदाइतका भरवशाचा पुरावा नाही.

रुमाल सोडला की आधी झटका. कागदातून बारीक वाळू गळेल. शाई वाळावी म्हणून दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने टाकलेली ती वाळू. ती फुंकून उडवा, शेजारच्या टेबलावर चहा असतोच. मग थुंकीचं बोट लावून पानं उलटा. काजळाची शाई पाण्याने सुटते, त्यामुळे दहाव्या पानाला तुमचं बोट काळं आणि अक्षर पुसट होतं. बोटाला लागला तो इतिहास घरी नेता येतो, त्याला नक्कल फी पडत नाही.

कॅमेऱ्याचं तंत्र तर अगदी सोपं आहे. काही खुळचट लोक तिपाईला आडवी दांडी लावतात, कॅमेरा कागदाला अगदी समांतर टांगतात, खिडकीचा उजेड एका बाजूने घेतात, टायमर लावतात म्हणजे बटण दाबताना हात हलत नाही, आणि कागदाशेजारी फूटपट्टी ठेवतात. दर दाव्याआधी मुखपृष्ठाचा फोटो घेतात, म्हणजे पुढची पानं कुठल्या दाव्यातली ते समजतं. कोऱ्या पाठीचाही फोटो घेतात, कारण शेरे आणि तारखा बहुधा पाठीवरच असतात. हे लोक दिवसाकाठी दीडशे पानं करतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांच्या चेहऱ्यावर काही तेज नसतं.

तुम्ही फ्लॅश मारा. जुनी काजळी शाई मुळातच चकाकते, त्यात फ्लॅश पडला की पानाच्या मधोमध एक पांढरा सूर्य उगवतो. त्या सूर्याखाली काय होतं ते कुणालाच वाचता येत नाही, म्हणजे कुणाला खोडूनही काढता येत नाही. सूर्यवंशी असण्याचा याहून मोठा दाखला कुठला?

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे मात्र सगळ्यांना सांगा. चोवीस मेगापिक्सेलचा असेल तर लांबीला ६००० ठिपके पडतात. तेरा इंची फुलस्केप कागद चौकटीत पुरता बसवला तर इंचाला साडेचारशेहून जास्त आले. वाचायला तीनशे पुष्कळ झाले. पण तुम्ही उभ्या उभ्या, टेबल, रुमाल, चहाचा कप आणि पंख्याची सावली अशा सगळ्यांसकट फोटो घ्या. मग ते फोटो ‘आपली भावकी’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. तिथे ते आणखी आकसतात आणि गुलाबाच्या फुलांवरच्या सुप्रभातांत मिसळून जातात. मूळ फाइली ‘डीएससी_०४१७’ अशाच नावांनी राहू द्या. मेमरी कार्ड एकच ठेवा. पुढच्या महिन्यात पुतणीच्या बारशाला तेच कार्ड रिकामं करून वापरायचं आहे.

आणि फोटो भरपूर हवेत. राजवाडा चौकातल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ नंबरवर एका मुलाचं नाव आहे, भिवा रामजी. पुढे त्याने देशाची राज्यघटना लिहिली आणि ही तारीख आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कुणीतरी एक ओळ नीट लिहिली, कुणीतरी ते रजिस्टर नीट ठेवलं, इतकंच. पण एका ओळीने तुमचं भागणार नाही. तुम्हाला दोन हजार फोटो हवेत, कारण न वाचता ठेवायचे तर ते दोन हजार तरी असावेत.

वाचायची वेळ आलीच तर कागद मोडीत निघेल. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, आणि कारकून घाईत असला की अक्षर पावसाळी गांडुळासारखं पळतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणणाऱ्याला लग्नसराईतल्या आचाऱ्याचा भाव आला. त्याला पैसे द्यायची काय गरज? पंधरा दिवसांचा वर्ग केलेला भाचा आहे ना! आमच्या भाच्याने एका कागदावर ‘सदा शिवाजवळ राहणार’ असं वाचलं. घरात केवढा आनंद झाला! खापरपणजोबा शिवयोगी निघाले. बेलाचं झाड लावायचं ठरलं. नंतर एका जाणत्या माणसाने सांगितलं की ते ‘सदाशिवाजवळ राहणार’ आहे, म्हणजे सदाशिव नावाच्या कुणाच्या तरी शेजारी त्यांचं घर होतं. झाड तोवर लावून झालं होतं. अजून आहे.

सालांचं तर विचारूच नका. आमच्याच दाव्यात जोडलेल्या सारापावतीवर फसली, म्हणजे महसुली सालगणनेतलं, १२९० होतं. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १८८० येतं. पण मिळवायचे कशाला? १२९० हे इसवी सन धरा. ज्ञानेश्वरी लिहून झाली ते वर्ष! तुमचे पूर्वज त्या साली शेतसारा भरत होते म्हणजे नेवाशाला जाऊन आले नसतील कशावरून? शेजारच्या कर्जखतावर ‘शके १८०२ विक्रमनाम संवत्सरे’ असेल. ते त्याच वर्षाचं नाव आहे, पण तुम्ही विक्रमराव नावाचा एक पूर्वज धरा. वंशावळीत मधली पिढी कमी पडतच असते.

सातबाराच्या जुन्या उताऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसेल. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे घरात थोरला म्हणून सगळ्यांच्या वतीने ज्याचं नाव लागलं तो. आमच्या आळीतल्या एकाने ‘आजोबा मॅनेजर होते’ असं मुलीच्या स्थळाला सांगितलं. पाहुण्यांनी बँक कोणती विचारलं. आणखी एकाने ‘अ.पा.क.’ वाचून आपलं जुनं आडनाव अपाक असल्याचा शोध लावला आणि इराणपर्यंत पोचला. अज्ञान पालनकर्ता, बापामागे पोराचा सांभाळ करणारी ती आई होती बिचारी.

आता खरा धोका सांगतो. सरदारकीच्या मागे लागून तुम्ही रुमाल उलगडत गेलात की सावकाराचे दावे निघतात. एकामागून एक. शेतकऱ्यांच्या कर्जासाठी १८७९ साली एक कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात कोर्टाने नुसतं कर्जखत बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराचा हिशेब मुळापासून काढायचा होता. त्यामुळे त्या दाव्यांत सगळं येतं : मूळ कर्ज कशासाठी काढलं, बैल कधी मेला, लग्न कुणाचं होतं, व्याज कसं वाढत गेलं, दुसरं खत कधी लिहून घेतलं. प्रतिवादी मेला तर त्याचे वारस ओळीने लावलेले असतात, वयासकट. वंशावळ शोधणाऱ्याला याहून भरलेला कागद मिळत नाही. सहीच्या जागी नांगर काढलेला असतो, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. हा कागद बघताच पुढे सरका. नांगर फ्लेक्सवर तलवारीसारखा दिसत नाही.

असंच पुढे सरकत असताना मला एक अर्ज दिसला. पोटगीचा. आमच्याच घराण्यातल्या एका विधवेने दिराविरुद्ध केलेला. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा वाटा नव्हता, त्यासाठी १९३७ चा कायदा यावा लागला. तोवर मागायचं ते अन्नवस्त्र. तिने वर्षाचे जोंधळे, दोन लुगडी आणि राहायला पडवी मागितली होती. निकाल तिच्या बाजूने झाला. पण दीर देईना, म्हणून वसुलीची दरखास्त. मग दुसरी दरखास्त. मग तिसरी. प्रत्येक वेळी ती गावाहून साताऱ्याला आली असणार, आणि तेव्हा एसटी नव्हती. अर्जाच्या तळाला तिची निशाणी होती, एक छोटीशी गोल बांगडी, शाईने काढलेली, एका बाजूला जरा चेपलेली. तो दीर म्हणजे ज्यांची पगडीतली तसबीर आमच्या माजघरात लावलेली आहे, ते.

मी त्या पानाचा फोटो घेतला. पान गुंडाळी व्हायला बघत होतं म्हणून डाव्या हाताने खाली दाबून धरलं. घरी येऊन मोठं करून बघितलं, तर फोकस माझ्या अंगठ्यावर बसला होता. नखाची कड, त्वचेच्या रेघा, सगळं लख्ख. त्याच्याखाली बांगडी आणि तिच्याशेजारी लिहिलेलं तिचं नाव. ते मी तिथे वाचलं होतं, पण टिपून घेतलं नव्हतं, कारण फोटो होता ना.

पुन्हा अर्ज केलाय. वंशावळीत तूर्त तिच्या जागी ‘पत्नी’ एवढंच टाईप केलंय. तुम्हीही तसंच करा. जत्रा परवावर आली आहे आणि फ्लेक्सवाला अक्षराला पैसे लावतो.