पाळी वेळेवर येते, मग नळ्या कशाला तपासायच्या?

दादा, गर्भनलिकांवरच्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलंय: "बायकोची पाळी नियमित, सोनोग्राफी नॉर्मल. मग नळ्यांची तपासणी कशाला? दवाखान्यांची धन करायला? आणि आमच्या घरात असले रोग नाहीत." राग समजतो. मूल होत नाही म्हणून हातात फाइल घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरणारी जोडपी मीही बघते.

पण पाळीवरून अंडाशयाची आणि गर्भपिशवीची खबर कळते, नळीची नाही. दोन्ही नळ्या बंद असल्या तरी पाळी वेळेवर येते. साध्या सोनोग्राफीत चांगली नळी दिसतही नाही, पाणी भरून फुगली तरच दिसते.

एचएसजी म्हणजे पिशवीत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून केलेली नळ्यांची तपासणी. ती करताना पडद्यावर आधी पिशवीचा त्रिकोण भरतो, मग दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या रेघा निघतात आणि टोकाशी डाय पोटात सांडतो. सांडला की 'नळ्या मोकळ्या'. तेवढ्यानं भागत नाही. बीज फळतं ते नळीतच, आणि अंडाशयातून बाहेर पडल्यावर ते जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. पुढं तीन-चार दिवस नळीतले सूक्ष्म केस गर्भाला पिशवीकडे सरकवतात. संसर्गानं ते केस गेले, तर मोकळ्या दिसणाऱ्या नळीतही गर्भ अडकतो, आणि नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. उलटंही होतं: तपासणीवेळी नळीचं तोंड आवळलं, तर चांगली नळी बंद दिसते. त्या एका फोटोवर कुणी लगेच टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च सांगितला, तर तुमचा संशय जरूर वापरा. दुर्बिणीनं खात्री करायची का, हे विचारा.

राहिलं 'असले रोग'. क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून होणारा संसर्ग, आहेच, तोही बऱ्याचदा गुपचूप. पण आपल्याकडे टीबीही नळ्या खराब करतो, खोकला-ताप काही नसताना. अपेंडिक्स फुटलेलं असतं, गर्भपातानंतरचा ताप अंगावर काढलेला असतो. यात घराण्याची अब्रू कुठं आली?

आणि 'थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करू' म्हणाल, तर पाणी भरलेली नळी तिथंही आडवी येते. ते पाणी पिशवीत झिरपून यशाची शक्यता निम्म्यावर आणू शकतं. म्हणून अशी नळी आधी काढतात किंवा पिशवीजवळ बंद करतात.

खर्चच वाचवायचा, तर सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखाची तपासणी वीर्याची. दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून नमुना द्यायचा, बास. तुमच्या प्रतिक्रियेत वहिनींचे सगळे रिपोर्ट आहेत, तुमचा एकही नाही. तो केलाय का?