डोकं घरी ठेवून सिनेमा? निपाणीच्या वाचकाला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

सिनेमा-मालिकांच्या पटकथेतल्या भोकांवर मी लिहिलं आणि तुम्ही भडकलात. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, त्यामुळे ती न वाचलेल्यांसाठी सार सांगतो. तुम्ही म्हणता, तिकिटाचे पैसे मोजून करमणूक घ्यायची आणि मग फौजदारासारखी तिची झडती घ्यायची, हा कसला छंद? सिनेमाला जाताना डोकं घरी ठेवून जावं. शिवाय मी पक्षपाती आहे: 'तुंबाड'मधल्या राक्षसाला सोडतो आणि तुमच्या आई रोज संध्याकाळी बघतात त्या मालिकांना धरतो. 'दृश्यम'ला मी उगाच डोक्यावर घेतलं, त्यात भोकंच भोकं आहेत. आणि शेवटी तुमचं आव्हान: "आधी 'अंधाधुन'चा आकाश शेवटी आंधळा होता की डोळस ते सांगा, मग आम्हाला शिकवा."

डोक्यापासून सुरुवात करतो. डोकं घरी ठेवून आलेला प्रेक्षक आपल्या भागात मी तरी पाहिलेला नाही. बेळगावात चित्रा किंवा प्रकाश टॉकीजच्या मध्यंतरात चहाच्या गाड्यापाशी उभं राहिलं की कळायचं. नायिका कशी दिसते यावर दोन वाक्यं, आणि मग "पण त्याला तो पत्ता सापडलाच कसा?" यावर चहा निवेपर्यंत वाद. निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात, मध्येच हिंदी संवाद. ही माणसं करमणूक सोडून झडती घेत नव्हती. ती झडती हीच त्यांची अर्धी करमणूक होती.

'शोले' घ्या. १९७५पासून लोक तोच प्रश्न विचारत आलेत: रामगडात वीज नाही, राधा रोज रात्री एकेक दिवा मालवत जाते, मग वीरू ज्या टाकीवर चढून गोंधळ घालतो तिच्यात पाणी चढतं कसं? या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला अर्धं मिनिट लागत नाही. डिझेल इंजिन. विहिरीवर वीज यायच्या आधी आपल्या भागात इंजिनंच धडधडत होती की. (ज्या किर्लोस्करांचं नाव त्या इंजिनांवर असायचं, त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली, हे जाता जाता.) इंजिन पडद्यावर दिसत नाही, पण ते असू शकतं. प्रेक्षकाने आपल्या अनुभवातून भरून काढता येईल अशी जागा लेखकाने रिकामी सोडली, तर तिला मी भोक म्हणत नाही.

'शोले'चं खरं भोक शेवटी आहे. अख्ख्या सिनेमात गावाच्या मदतीला न आलेले पोलीस, ठाकूर गब्बरला संपवणार तेवढ्यात नेमके हजर होतात आणि कायदा हातात घेऊ नका म्हणून सांगतात. दोन्ही हात तोडलेला, घरातली माणसं गमावलेला माणूस ते ऐकतोसुद्धा! याचं कारण गोष्टीत सापडत नाही, कारण ते गोष्टीबाहेर आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीचा काळ होता, सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला. हे समजल्यावर रमेश सिप्पींवरचा राग जातो, पण भोक बुजत नाही. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत ज्यांनी एवढं गाव उभं केलं, त्यांना एक जीप आधीच्या दृश्यात दाखवणं अवघड नव्हतं. ती आधी नाही, कारण शेवटच आधी तो नव्हता.

आता पक्षपाताचा आरोप. 'तुंबाड'मधला राक्षस हस्तर मी सोडतो, कारण तो त्याच्या नियमाने वागतो. सुरुवातीलाच सांगितलेलं आहे: त्याला सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही, तो पिठाला भुलतो आणि पिठाचं रिंगण ओलांडू शकत नाही. राक्षस असतो का, हा प्रश्न तिथेच संपला. पुढे बघायचं ते एवढंच, की लेखक आपला नियम पाळतो का. तो इतका पाळतो की त्या नियमातूनच हस्तरचं सोनं लुटणाऱ्या विनायकाचा घात होतो. पिठाच्या एका बाहुलीने त्याला भुलवून एवढं सोनं मिळतं तर जास्त बाहुल्या नेऊ, ही विनायकाच्या पोराची कल्पना अगदी हिशेबी आहे, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर, हेही तितकंच हिशेबी. पहिल्यांदा बघताना आपल्याला ते सुचत नाही, पण बघितल्यावर "अरे, असंच होणार होतं" वाटतं.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य रात्रभर चालतं. कुलगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेलं ते. कृष्ण किरीट घालून कन्नडात गातो, पेटीवाला मध्येच त्याला टोमणा मारतो, आणि द्वारकेत हार्मोनियम कुठून आली असं कुणी विचारत नाही. पण रुक्मिणीला एकदा कळलेली गोष्ट पुढच्या प्रवेशात ती विसरली, तर पहिल्या रांगेतली म्हातारी आवाज टाकते. 'अशी ही बनवाबनवी'तही तेच. दोन गडी लुगडं नेसून वावरतात आणि घरमालकिणीला पत्ता लागत नाही, हे आपण हसत मान्य करतो, कारण सिनेमाने नावातच कबूल करून ठेवलंय.

मालिकांचं दुखणं वेगळं. तिथे नियम लेखकच ठरवतो आणि लेखकच मोडतो, तेही दर पंधरा दिवसांनी. डीएनए रिपोर्ट आधी खरा, मग बदललेला, मग बदलल्याचं नाटक केलेला. जिच्या हातात चोवीस तास मोबाइल असतो, ती नवरा संकटात असतानाच त्याला फोन करायचं विसरते. दाराआडून ऐकणाऱ्याला फक्त अर्धंच वाक्य ऐकू येतं. हे आळशीपणाने होतं असं मी म्हटलेलं नाही, तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंय. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, ते पडले की कथानकाला नवं वळण, कलाकार सोडून गेला की पात्राला अपघात. २०२१च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं, तेव्हा कितीतरी मराठी मालिका गोव्याकडे गेल्या, आणि काल वाड्यात भांडणारं कुटुंब आज अचानक नारळीच्या झाडाखाली भांडायला लागलं. मी ते हसून सोडलं. तेवढं सोडायलाच हवं होतं, माणसांच्या पोटाचा प्रश्न होता.

पण तुमच्या आईंच्या वतीने तुम्ही जे रागावलात, ते मला पटत नाही. त्यांना भोकं दिसत नाहीत असं तुम्ही धरून चाललात. माझी शहापूरची मावशी एकही भाग चुकवत नाही आणि जाहिरात लागली की नेमकं बोट ठेवते: "अगं, ही परवा दवाखान्यात होती न्हवं? आज मंगळागौर खेळतेय की!" मी विचारलं, मग बघतेस कशाला, तर म्हणाली, "काय की बाबा, पुढं काय खोटं सांगतात ते बघायला." मावशी मालिका डोकं शाबूत ठेवून बघते. तिला गृहीत धरतात ते मालिकावाले, आणि माफ करा, थोडेसे तुम्हीही.

काही भोकं मात्र प्रेक्षकाचीच असतात. 'सैराट'बद्दल अजून कुणीतरी विचारतं की आर्चीच्या घरच्यांना पळून गेलेल्या आर्ची-परश्याचा ठावठिकाणा लागला कसा. ती आईला फोन करते की हो! मग तिचा भाऊ प्रिन्स आणि मंडळी आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. फोन आहे, भेटवस्तू आहेत, सगळं डोळ्यांसमोर आहे. आपण आर्चीच्या संसारात इतके रमलेले असतो की तो फोन आपल्याला समेटाचा वाटतो. नागराज मंजुळेंनी आपल्याला तसं वाटू दिलं. तोच प्रसंग रिंकू राजगुरूला घेऊन २०१७ साली कन्नडात 'मनसु मल्लिगे' म्हणून आला, तेव्हा सीमाभागातले बरेचजण दोन्ही बघून बसलेले होते आणि दुसऱ्यांदा त्यांचं लक्ष बरोबर फोनवर होतं.

हीच गंमत 'दृश्यम'ची, म्हणजे घरच्यांच्या हातून झालेला खून दडवणाऱ्या बापाच्या गोष्टीची, आणि इथे जरा थांबतो, कारण तुमचा सगळा जोर यावरच आहे. मूळ मल्याळम २०१३चा, कन्नड 'दृश्य' रविचंद्रनचा २०१४ला, हिंदी २०१५ला. म्हणजे आपल्याकडे अनेकांनी हिंदी बघितला तो प्रेत कुठे आहे हे माहीत असताना. रहस्य संपलेलं, उरली फक्त तपासणी. अशा प्रेक्षकासमोर जो सिनेमा टिकला त्याला भोकंच भोकं म्हणताना थोडं सबुरीने घ्यायला हवं.

तुमचा पहिला आक्षेप: पोलिसातल्या गायतोंडेने त्या बापाला, विजय साळगावकरला, मेलेल्या पोराची पिवळी गाडी चालवताना स्वतः पाहिलं, तरी पोलिसांतलेच लोक त्याचं का मानत नाहीत? कारण त्या दोघांचं वैर आधीच्या प्रसंगात चारचौघांसमोर झालेलं आहे. ते भांडण आपण स्वभावचित्रण म्हणून बघून सोडतो. ते खरं म्हणजे गायतोंडेची साक्ष आगाऊ बाद करून ठेवण्यासाठी आहे.

दुसरा आक्षेप: बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला, एवढ्या सगळ्यांना २ आणि ३ ऑक्टोबरला हे कुटुंब पणजीत होतं, या तारखा कशा लक्षात राहतात? राहत नाहीतच! सिनेमा तेच तर सांगतो. घरच्यांना घेऊन विजय पणजीला जातो खरा, पण नंतर. मग त्याच माणसांना पुन्हा भेटून बोलता बोलता तारीख त्यांच्या डोक्यात सोडतो. बेळगावच्या माणसाला तर हे सहज पटावं. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, वाटेत काय खाल्लं, गाडी कुठे बंद पडली, कोण ओकलं, सगळं सांगेल. तारीख विचारली की बायकोकडे बघेल. आणि बायकोने ठामपणे एक तारीख सांगितली की तीच खरी. एवढ्या एका मानवी सवयीवर मूळ सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक जीतू जोसेफने अख्खी पटकथा उभी केली आहे.

तिसरा आक्षेप मात्र तुमचा खणखणीत आहे. पोलीस ठाण्याच्या इमारतीचं काम चालू असताना एक माणूस रात्री तिथे प्रेत नेतो, पुरतो, आणि कुणीही पाहत नाही? पहिल्या भागात याला उत्तर नाही. २०१३ ते २०२१ ते तसंच राहिलं. मग जोसेफने दुसरा भाग लिहिला आणि त्यात काय केलं? त्या रात्री पोलिसांपासून पळणाऱ्या एका माणसाने त्याला तिथून बाहेर पडताना पाहिलं होतं! म्हणजे तुम्ही ज्याला भोक म्हणता, त्यातूनच लेखकाने नव्या सिनेमाचं दार काढलं. प्रेक्षक आठ वर्षं तो प्रश्न विचारत राहिले नसते, डोकी घरी ठेवून आले असते, तर त्या साक्षीदाराची कुणाला गरजच वाटली नसती.

भोक आणि मुद्दाम न दिलेलं उत्तर, या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्यात. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हे २०१५ ते २०१७ आपण एकमेकांना विचारत होतो. ती उधारी होती, आणि दुसऱ्या भागात फेडली गेली. तिसरा एक मजेशीर प्रकार हॉलिवूडचा. हॉवर्ड हॉक्सच्या १९४६च्या 'द बिग स्लीप'मध्ये एका ड्रायव्हरचा मृत्यू होतो. तो खून की आत्महत्या, हे सेटवर कुणालाच कळेना, म्हणून मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. सिनेमा आजही लोक आवडीने बघतात. मला तो आवडतो, पण म्हणून त्या ड्रायव्हरचं भोक बुजलं असं मी म्हणणार नाही.

आता तुमचं आव्हान. 'अंधाधुन'च्या शेवटी आकाश युरोपात त्याच्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला भेटतो आणि पुण्यात पुढे काय झालं ते सांगतो: त्याला आंधळं करणारी खुनी सिमी गाडी अंगावर घालायला आली, तेवढ्यात शिकाऱ्याच्या गोळीतून सुटलेला ससा उडी मारून काचेवर आदळला, गाडी उलटली, आणि तो वाचला. सोफी म्हणते, डॉक्टरचं ऐकून सिमीचे डोळे घ्यायला हवे होतेस. ती निघून जाते, तो काठी टेकत चालू लागतो आणि वाटेतला डबा काठीने नेमका उडवतो. बहुतेक लोक त्या डब्यावर वाद घालतात. डबा सोडा. काठीच्या मुठीकडे बघा, तिला सशाचं तोंड आहे. आणि मग त्याच्या गोष्टीकडे फौजदाराच्याच नजरेने बघा. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो त्या वेळी पूर्ण आंधळा, रस्त्यावर पाठमोरा उभा, मागून गाडी येतेय. मग ससा होता, त्याने उडी मारली, तो काचेवर आदळला, हे त्याला दिसलं कशाने? आपल्याला पहिल्याच दृश्यात कोबीच्या शेतात ससा आणि शिकारी दाखवलेले आहेत, म्हणून आपण मुकाट्याने मान डोलावतो. त्याला कुणी दाखवला?

माझं उत्तर: डोळस. सिमीचे डोळे त्याने घेतले, आणि सोफीला गोष्ट रचून सांगितली. दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी भोक सिनेमात ठेवलेलं नाही, आकाशच्या जबानीत ठेवलंय. तुम्हाला तो आंधळाच वाटत असेल तर सशाचं काय ते लिहा. डब्यावर मी वाद घालणार नाही.