वयाला शोभतील एवढेच केस

पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, आणि वेणी मात्र अजून कमरेपर्यंत? हे बरं नाही. लोकांना त्रास होतो. लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही पाठमोऱ्या बसलेल्या असता, मागून कुणाला तरी वाटतं की कॉलेजातली मुलगी आहे, तुम्ही वळता आणि त्या बिचाऱ्याची घोर फसवणूक होते. म्हणून केसांची योग्य लांबी वेळीच ठरवून घ्यावी. मी बावन्नाव्या वर्षी या सगळ्यातून गेले आहे, तेव्हा पुढचे चार शब्द अनुभवाचे समजा.

सुरुवात शास्त्रापासून करू. जॉन फ्रीडा नावाच्या इंग्रज केशरचनाकाराच्या नावावर एक नियम फिरत असतो. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखाली पट्टी उभी धरायची आणि दोन्ही भेटतात तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. सव्वादोन इंचांहून कमी भरलं तर आखूड केस शोभतील, जास्त भरलं तर लांबच ठेवायचे. इतका सोपा निकाल आपल्याकडे पत्रिका जुळवतानाही लागत नाही.

मी धाकट्याची दहावीची कंपासपेटी माळ्यावरून काढली आणि आरशासमोर उभी राहिले. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात पट्टी. पट्टीवरचे आकडे चष्म्याशिवाय दिसेनात, आणि चष्मा लावला की त्याची काडी पट्टीला आडवी येई. पहिल्यांदा दोन इंच आले. मान जरा ताठ केली तर अडीच झाले. खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. पस्तिशीत बाईला हनुवटी एक असते, पन्नाशीत तिला जोडीदारीण मिळते. पेन्सिल पहिलीखाली धरायची की दुसरीखाली, याचा खुलासा नियमात कुठेही नाही. शेवटी दोघींच्या मधोमध धरली आणि अंतर भरलं बरोबर सव्वादोन इंच. शास्त्राने हात वर केले.

मग चेहऱ्याच्या आकाराकडे वळावं. केस टॉवेलमध्ये घट्ट बांधायचे, आरशासमोर स्थिर उभं राहायचं आणि काचेवर दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड लिपस्टिकने गिरवायची. अंडाकृती, गोल, चौकोनी, हृदयाच्या आकाराचा, हिऱ्याच्या आकाराचा, यांपैकी काहीतरी उमटतं म्हणतात. माझ्या आरशावर बटाटा उमटला. बटाट्याला किती लांब केस शोभतात ते कुठल्याच तक्त्यात दिलेलं नव्हतं. लिपस्टिक दीडशे रुपयांची होती आणि ती पुसायला दोन वर्तमानपत्रं लागली.

तरीही खचून जायचं कारण नाही, कारण चालतीबोलती शास्त्रं आपल्या घरातच असतात. त्यांना विचारावंही लागत नाही. कमरेपर्यंत केस ठेवलेत तर ‘वयाचं भान नाही’. खांद्यापर्यंत आणलेत तर ‘ना धड इकडचे ना तिकडचे’. हे शेवटचं मात्र खरं आहे, हे मी कबूल करते. खांद्यापर्यंतचे केस अंबाड्यात मावण्याइतके लांब नसतात आणि मोकळे सोडले की आमटीत उतरतात. क्लचर लावला तर तो तिसऱ्या जिन्याच्या वळणावर सुटून पडतो. कानापर्यंत कापलेत तर सोसायटीतल्या बायका कौतुक करतात, ‘अगं, दहा वर्षांनी लहान दिसतेस’, आणि लिफ्टचं दार लागायच्या आत ‘हिला काय झालंय कळत नाही’ हेही ऐकू येतं. अगदी बॉयकट केलात तर मात्र आवाज खाली येतो. हात हातात घेतला जातो. विचारलं जातं, ‘रिपोर्ट काय आले?’

आता तुम्ही म्हणाल, केस माझे, डोकं माझं, लोकांना काय करायचंय? असं बोलू नये. बाईच्या केसांची लांबी चारचौघांनी ठरवायची, ही आपली जुनी परंपरा आहे. पूर्वी तर ती फारच सुटसुटीत होती. नवरा आहे, लांबी पाहिजे तेवढी. नवरा गेला, लांबी शून्य. चेहऱ्याचा आकार बघायची गरज नाही, पट्टी-पेन्सिल नको. माझ्या आजीची आत्या चौदाव्या वर्षी विधवा झाली. न्हावी घरी यायचा, पुढच्या दाराने नाही, मागच्या पडवीत. ती खाली मान घालून पाटावर बसायची आणि उठायची ती आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून. पुढे सत्तर वर्षांची होईपर्यंत दर पंधरवड्याला हेच. आजी सांगायची की आत्याला केस कसे होते हे घरात कुणालाच आठवत नव्हतं, कुरळे की सरळ तेसुद्धा.

1890 मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे ज्याच्या हातात वस्तरा होता त्याला लाज वाटली. ज्या घरांतून त्याला बोलावणं जाई, त्या घरांना ती वाटायला आणखी बराच काळ लागला. पण ते जाऊ द्या, आपण प्रसन्न विषयावर बोलत होतो.

हल्ली मागच्या पडवीत कुणी येत नाही. हल्ली आपण स्वतःहून जातो, आधी फोन करून वेळ घेतो आणि वर पैसे देतो. पार्लरमध्ये शिरताना एकच वाक्य पाठ करून जावं: ‘फक्त टोकं कापायची.’ हे वाक्य म्हटल्यावर पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. काळं प्लॅस्टिक गळ्याभोवती बांधलं जातं, इतकं घट्ट की तुम्हाला बोलता येऊ नये. चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला जातो. आता आरशात तुम्हाला फक्त एक गुलाबी धुकं दिसतं, ते म्हणजे तुम्ही. धुक्याच्या मागून बावीस वर्षांची मुलगी विचारते, ‘काकू, लास्ट टाइम कुठे कापले होते?’ हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. ती एक बट उचलते, दोन बोटांत धरते, मैत्रिणीला दाखवते आणि दोघी न बोलता उसासा टाकतात. मग ती म्हणते, ‘खाली जीवच नाहीये हो. तुमच्या वयाला सूट होईल असं करून देते.’ माझ्या वयाला काय सूट होतं हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं, तिला तीस सेकंदांत कळलं.

कात्रीचा आवाज कानाच्या फारच जवळ येतो आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. एक लक्षात ठेवा, पार्लरमधला इंच वेगळा असतो, तो साधारण पाच इंचांचा असतो. चष्मा परत मिळाला तेव्हा पायाशी पडलेला ढीग मला माझा वाटेना. त्यात पांढरे किती होते ते तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. डोक्यावर असताना ते इतके नव्हते. मुलगी मागे छोटा आरसा धरून म्हणाली, ‘बघा, किती फ्रेश!’ आणि मी मान हलवली. गळ्याभोवती ते प्लॅस्टिक असताना आजवर कुठल्या बाईने मान आडवी हलवली आहे?

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असा विचार करत मी घरी आले. घरी तीन दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी नवरा बाथरूममधून बाहेर येऊन म्हणाला, ‘आज जाळी कशी काय तुंबली नाही?’ त्यांच्या स्वतःच्या डोक्याबद्दल मी काही लिहिणार नाही. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंतचा प्रवास तिथे रोज सकाळी तेरा केस मिळून करतात, वाऱ्याच्या दिवशी अर्ध्यातून परत फिरतात, पण साठीच्या पुरुषाला योग्य लांबी कोणती, असं विचारायला त्यांना अजून कुणीही थांबवलेलं नाही.

तुमचा पेशन्स संपत आला असेल तर थोडं वैद्यकीयही सांगून टाकते, म्हणजे दुर्लक्ष कशाकडे करायचं ते कळेल. केस महिन्याला एखाद सेंटिमीटर वाढतो, फार तर थोडा जास्त. म्हणजे त्या मुलीने दहा मिनिटांत उतरवलेले पाच इंच परत यायला मला वर्ष लागणार. शिवाय पाळी जाण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन उतरतं, केस बारीक होतात, त्यांचा वाढायचा काळही आखडतो, आणि भांगाची पायवाट चौपदरी होते. थायरॉइड बिघडलेलं असेल, अंगात लोह कमी असेल, तरी केस जातात. मोठा ताप किंवा ऑपरेशन झालं की केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिन्यांनी जातात. तोवर आपण ताप विसरलेल्या असतो, त्यामुळे दोष बोअरच्या पाण्याला देता येतो. रक्त अजिबात तपासू नये. तेल बदलावं. माका, ब्राह्मी, जास्वंद, कांद्याचा रस, ज्या बाटलीवरच्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत असतील ती घ्यावी. ती बाई पंचवीस वर्षांची आहे याकडे लक्ष देऊ नये.

रंगाचंही तसंच. डाय लावण्याच्या 48 तास आधी थोडा हातावर लावून बघा, असं पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो कागद कपाळावर डाग पडू नये म्हणून कानाशी खोचायला उत्तम. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते ती बिनधास्त वापरा. खऱ्या मेंदीने केस नारिंगी-लाल होतात, काळे कधीच होत नाहीत, असल्या शंका काढू नका. तीन आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ उगवेलच. ती तशीच ठेवायची हिंमत असेल तर ठेवा, पण एक पांढरी बट मिरवून रुबाबदार दिसायला इंदिरा गांधींना पंतप्रधान व्हावं लागलं होतं.

एवढं करून केस आखूड केलेत, सगळ्यांचं समाधान झालं, आणि घरात लग्न निघालं की पुढचा अंक सुरू. नऊवारीवर अंबाडा हवा. वरमाय बॉबकटात उभी राहिली तर फोटोत कसं दिसेल? मग तुळशीबागेत जायचं आणि गंगावन आणायचं. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावात विकतं, त्यांतले पुढे कुठेकुठे जातात कोण जाणे. नवस बोलली ती कुणीतरी, केस दिले तिने, आणि ‘वयाला शोभत नाहीत’ म्हणून स्वतःचे कापून आलेली मी आता तिचे डोक्यावर पिनांनी टोचून घेणार. मोठ्या जावेच्या मुलीच्या लग्नात मी तो अंबाडा सहा तास वागवला. अकरा जणींनी विचारलं, ‘तुझेच का गं? किती छान राखलेस!’

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांची वेणी आता करंगळीएवढी आहे. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्या बाल्कनीत बसतात, ती सोडतात, खोबरेल लावतात, लाकडी फणीने पाच मिनिटं विंचरतात, गळालेले केस बोटाला गुंडाळून त्याची गुंडी करतात आणि वेणी पुन्हा घालून टोकाला काळा गोफ बांधतात. चेहऱ्याचा आकार त्यांनी कधी गिरवलेला नाही. परवा मला म्हणाल्या, ‘बस पुढ्यात, तुझी घालते.’ बसले. त्यांनी तीन पेड घेतले, एक पीळ दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला हातात काही उरलंच नाही.

‘वाढव,’ त्या म्हणाल्या. सल्ला त्यांनीही दिलाच.