अभय नेमकं कुणाला?

काल कट्ट्यावर चहा यायच्या आधीच लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या प्रेसवाल्यानं खिशातून महापालिकेची नोटीस काढली. चार वर्षांची घरपट्टी थकलीय. वर्षाला १२,००० प्रमाणे मुद्दल ४८,००० आणि वर शास्ती, म्हणजे दंड. लग्नपत्रिका आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, त्यात घरात आजारपण. मशीन तर गेल्याच वर्षी विकलं.

अण्णा पेन्शनर. एप्रिल-मेमध्येच घरपट्टी भरून मोकळे होतात. ते एकदम तापले. "अरे, रस्त्यावरचा दिवा तुझ्याही दारात लागतो ना? कचरा तुझाही उचलतात. मी औषधं पुढं ढकलून भरतो. आणि थकवणाऱ्यांसाठी अभय योजना येते, शास्ती माफ! मग वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो."

"अण्णा, मी बुडवत नाहीये हो," प्रेसवाला एवढंच बोलला. मान खाली.

मला ते बघवलं नाही. अण्णांचा राग खरा आहे, पण तो या माणसावर निघायला नको. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यानं थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. चक्रवाढ न धरताही ५० महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते. धंदा बसलेल्या माणसानं हे कुठून फेडायचं?

"मग सगळ्यांनाच सोडायचं का?" अण्णा.

नाही ना! तेच तर मी म्हणत होतो. १९६१ च्या जुन्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम २२० बघा (१ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्यानं घेतली). तिथं थकलेल्या करावर महिन्याला १ टक्का व्याज होतं. पण ते कमी किंवा माफ करून घेण्यासाठी अर्ज करता यायचा, आणि अधिकारी तीन गोष्टी बघायचे: भरल्यानं खरोखर हाल होतील का, थकण्याचं कारण हाताबाहेरचं होतं का, आणि चौकशीत माणसानं सहकार्य केलं का. हप्ते बांधून द्यायची सोयही त्याच कलमात होती. 'भरत नाही' आणि 'भरू शकत नाही' हे दोन वेगळे, हे तिथं लिहून ठेवलं होतं. अभय योजनेत बहुतेकदा फक्त तारीख असते. अमुक दिवसापर्यंत मुद्दल एकरकमी भरा, शास्तीत सूट घ्या. आता ४८,००० एकदम कोण आणणार? ज्याच्याकडे पैसे होते आणि जो मुद्दाम थांबला, तोच. आमचा प्रेसवाला त्या रांगेत उभासुद्धा राहू शकत नाही.

अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे सूट चुकीच्या माणसाला मिळते म्हण की."

काही शहरांत वसुलीसाठी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवले गेले, तो विषयही निघाला. प्रेसवाल्याची मुलगी दहावीला आहे. त्यावर कुणीच बोललं नाही.

नोटिशीनंतर जप्तीचं वॉरंट निघतं. म्हणून गप्प बसायचं नाही, आधीच महापालिकेत हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, एवढं ठरलं. कट्ट्यावरच्या मास्तरांनी नोटिशीच्याच पाठीवर मसुदा लिहायला घेतला: मशीन विकल्याची पावती, दवाखान्याची बिलं, महिन्याला किती जमेल तो आकडा.

"आणि तिथं एक विचारून घे," अण्णा प्रेसवाल्याला म्हणाले, "हप्ता भरला तर तो आधी मुद्दलात जमा करणार की शास्तीत? शास्तीत गेला तर मुद्दल आहे तिथंच राहील आणि मीटर चालूच. उद्या अकराला मी येतो तुझ्याबरोबर."