‘खेळणे’ की ॲम्प? एका सविस्तर प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरात हळू आवाजात वाजवण्यासाठी कोणता गिटार ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारे यंत्र) घ्यावा, या माझ्या लेखावरील आपल्या प्रतिक्रियेत मुख्य आक्षेप तीन आहेत. बॅटरीवर चालणारे चार-पाच इंची स्पीकरचे ॲम्प म्हणजे खेळणी असून मी ती नवशिक्यांच्या गळ्यात मारतो आहे, हा पहिला. पाच वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा जुन्या पद्धतीचा ॲम्प, घरात पुरेसा हळू वाजतो आणि जन्मभर पुरतो, हा दुसरा. आणि मी वॅटवर पानभर लिहून स्पीकरबद्दल अवाक्षरही काढले नाही, हा तिसरा. शेवटी, मग आपल्या पुतण्याने घ्यावे तरी काय, असेही आपण काहीशा उपरोधाने विचारले आहे.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो बिनतोड आहे. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) आवाज मिळतो, हे स्पीकरगणिक बदलते. सेलेशन कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ हा बारा इंची स्पीकर एका वॅटमध्ये १०० डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले तर मात्र जेमतेम ३ डेसिबलांची भर पडते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या ॲम्पपेक्षा दुपटीच्या आसपासच मोठा वाटतो, तो त्यामुळेच. हे मूळ लेखात यायला हवे होते. चूक माझी आहे.

मात्र हाच हिशेब आपल्या दुसऱ्या मुद्द्याच्या मुळावर येतो. ९५ डेसिबलचा साधा स्पीकर धरला आणि त्याला पूर्ण पाच वॅट दिले, तर एक मीटरवर १०२ डेसिबल होतात. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात ती पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते आणि तेवढ्या आवाजासाठी त्याच स्पीकरला एका वॅटचा तीन हजारावा भाग पुरतो. आपल्याला (आणि मलाही) प्रिय असलेला तो दाणेदार, किंचित फाटलेला स्वर बराचसा पॉवर ट्यूबवर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या नळीवर, ताण आल्यावरच उमटतो. एवढ्या हळू आवाजात त्या ट्यूबला ताण कुठला? आपण नाशिकजवळच्या मखमलाबादला, द्राक्षबागेतल्या घरात वाजवता असे आपणच लिहिले आहे. तेथे आपला अनुभव खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि फ्लॅटमध्ये तर नियमाच्या आधी शेजारी असतात.

मी स्वतः नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, १५ वॅटचा आणि चौदा किलोंचा ट्यूब ॲम्प दोन वर्षे बाळगला. व्हॉल्यूमच्या नॉबवर शून्य आणि एक यांच्या मधल्या नखाएवढ्या जागेत सगळा संसार करावा लागे. नॉब केसभर अलीकडे राहिला तर काहीच ऐकू येत नसे आणि केसभर पलीकडे गेला की ‘ए’ची तार छेडताच मांडणीवरची स्टीलची ताटे झणझणत. खालच्या काकूंनी कधी तक्रार केली नाही. एकदा जिन्यात फक्त म्हणाल्या, “काल वाजवलं नाहीस वाटतं? दुपारी छान डोळा लागला.” त्या दिवशीच मी तो ॲम्प विकायचे ठरवले. तो पंधरा वॅटचा होता, पाचाचा नव्हे, असे आपण म्हणाल. दोहोंत फरक पाच डेसिबलांचादेखील नाही.

आता खेळण्याबद्दल. चार इंची स्पीकरला खर्ज झेपत नाही, हे मान्य. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो; तेथे हा स्पीकर जवळजवळ मुका होतो आणि कान वरच्या हार्मोनिकांवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या, सोबत उमटणाऱ्या स्वरांवरून) तो स्वर पुरा करून घेतो, जसा मोबाइलवर ऐकलेल्या तबल्यातला डग्गा. परंतु आवाज उतरला की खर्जाच्या बाबतीत कानच मंद होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. त्यामुळे मोठ्या स्पीकरचा फायदा त्या पातळीवर नाहीसा होत नसला, तरी बराच आटतो. हे ॲम्प हलके म्हणून खेळणी म्हणाल, तर वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचे, चुंबकाचे आणि लाकडाचे असते. फेंडरचा ट्यूबवाला ट्विन रिव्हर्ब २९ किलोंचा आहे; त्याच कंपनीने २०१९ मध्ये आणलेला डिजिटल टोन मास्टर ट्विन १५ किलोंचा. त्याला कोणी खेळणे म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मूळ लेखात लिहायची राहिली, आणि ती आपल्याही प्रतिक्रियेत नाही. आवाज फारच उतरवला की इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा उघडा टणत्कार आणि पिकची (तार छेडायच्या चकतीची) टिकटिक ॲम्पइतकीच ऐकू येऊ लागते, आणि कोणताही ॲम्प तेथे हरतो. त्या वेळी हेडफोन लावावेत.

पुतण्या कॉलेज रोडला खोली घेऊन राहतो आणि दुचाकीवर क्लासला जातो, असे आपण लिहिले आहे. केवळ खोलीत वाजवायचे असेल, तर २.७ किलोंचा, पाच इंची स्पीकरचा रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स मी सुचवीन. सहा पेन्सिल सेलवर चालत असल्याने वीज गेली तरी रियाज अडत नाही. मित्रांबरोबर, ड्रमसोबत वाजवण्याचा बेत असेल, तर हा तेथे बुडून जाईल. मग बारा इंची स्पीकरचा बॉस कटाना ५० पाहावा, ज्याची ताकद बटणाने अर्ध्या वॅटपर्यंत उतरवता येते. तो अकरा-बारा किलोंचा आहे, म्हणून दुचाकीचा विचार आधी करावा.

दुकानात जाताना त्याने स्वतःची गिटार न्यावी, ॲम्प जमिनीऐवजी खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवायला सांगावे आणि आपले बोलणे आवाज न चढवता ऐकू येईल इतपतच व्हॉल्यूम ठेवून ऐकावे. दुकानदार बहुधा तो वाढवून दाखवील. पुतण्याने तो पुन्हा खाली आणावा.